चौथी हाक

"ये," म्हटलं. ती आली नाही.

ऐकू आलं होतं. कान माझ्या दिशेला वळले, मान वळली, नजरानजरही झाली. मग तिने सावकाश तोंड फिरवलं आणि गवतातल्या कुठल्याशा वासात पुन्हा नाक खुपसलं. "ठमी, ये!" तेच. "ठमे!" आता आवाज जरा चढलेला. मैदानाच्या कुंपणाच्या आत आमच्याशिवाय फक्त एक अनोळखी गृहस्थ फेऱ्या मारत होते. ते थांबले, हसले आणि सहज म्हणाले, "काय गं?" ठमी धावत त्यांच्यापाशी गेली. त्यांनी "बस" म्हणताच चक्क बसली, पुढचे दोन्ही पाय जुळवून, प्रगतिपुस्तक घ्यायला आल्यासारखी.

"फार गुणी आहे हो तुमची," ते म्हणाले.

मी हसले. दुसरं काय करणार? ती आमच्याकडे येऊन पाच आठवडे झाले होते. पहिले तीन आठवडे एका हाकेत येणारी हीच मुलगी. "काहीच शिकवावं लागलं नाही आम्हाला," असं मी बहिणीला फोनवर सांगूनही टाकलं होतं. असं कधी बोलू नये.

आमचा आधीचा कुत्रा पिल्लू म्हणून आला आणि तेरा वर्षं राहिला. तो गेल्यावर दीड वर्ष घर नुसतंच स्वच्छ होतं. पुन्हा कुत्रा आणायचं ठरलं तेव्हा नवऱ्याला पिल्लूच हवं होतं. मला पिल्लूपण आठवत होतं. लोक त्या दिवसांचे फोटो जपून ठेवतात, मला त्या दिवसांच्या रात्री आठवतात. दर दोन-तीन तासांनी उठायचं, अर्धवट झोपेत त्याला उचलून बाहेर न्यायचं, तो बाहेर नुसता तारे बघणार आणि आत आल्या आल्या गालिच्यावर कार्यक्रम उरकणार. सुईसारखे अठ्ठावीस दुधाचे दात, मग ते पडून बेचाळीस पक्के दात येईपर्यंत दिसेल ते चावणं, लसींची मालिका, आणि ती पूर्ण होईपर्यंत कुठे खाली ठेवावं याची धास्ती. तेव्हा माझे गुडघे तेरा वर्षांनी लहान होते.

शिवाय पिल्लू म्हणजे बंद मूठ. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण कुत्र्यांच्या बाबतीत लोक शब्दशः घेतात. पिल्लाचा पंजा हातात धरून भविष्य सांगतात. आमच्या त्या पिल्लाचा पंजा बघून "हा काही फार वाढायचा नाही" असं तिघांनी सांगितलं होतं. तो पस्तीस किलोंवर थांबला. आई-वडील माहीत नसले की आकाराचा अंदाज कधी लागतो, कधी सपशेल चुकतो. स्वभावाचं तर विचारूच नका. सात-आठ आठवड्यांच्या पिल्लांच्या चाचण्या घेऊन मोठेपणीचा स्वभाव सांगू पाहणारे लोक असतात, पण त्या भाकितावर फार विसंबू नये.

दहा महिन्यांचा कुत्रा मात्र समोर उभा असतो. उंची जवळजवळ झालेली, दात आलेले, पहिल्या लसी टोचून झालेल्या. रात्रभर कळ काढता येते. माणसं आवडतात की नाही, दुसऱ्या कुत्र्यांशी कसा वागतो, दार आपटलं तर दचकून किती वेळात सावरतो, हे तासाभरात थोडंफार दिसतं. मी अशी सगळी बाजू मांडली आणि नवऱ्याला शेल्टरमध्ये घेऊन गेले. तिथली मुलगी म्हणाली, "पिल्लं पटकन जातात. ह्या वयाची राहतात."

या वाक्याने मी जरा चपापले. राहतात, म्हणजे घ्यायला कुणी येत नाही हे एक. पण मुळात इतकी येतात कुठून, हा दुसरा प्रश्न, आणि तो मी तेव्हा विचारला नाही.

उत्तर आता माहीत आहे. कुत्र्याला साधारण सहाव्या महिन्यापासून शिंगं फुटायला लागतात. लहान चणीचे वर्षा-सव्वावर्षात निवळतात, मोठ्या चणीच्यांना दोन वर्षं, कधी त्याहून जास्त लागतं. माणसाची गद्धेपंचविशी त्यांच्याकडे या एवढ्याशा काळात कोंबलेली असते. मांडीवर मावणारं पिल्लू अचानक वीस किलोंचं होतं, पट्टा ओढून खांदा उखडतं, पाहुण्यांच्या छातीवर पाय ठेवतं, शिकवलेलं सगळं विसरल्यासारखं करतं. गोंडसपणा संपलेला आणि समज यायची बाकी. शेल्टरमध्ये आणून सोडलेल्या कुत्र्यांत या अडनिड्या वयाची इतकी असतात ती यामुळे. म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी धीर जिथे संपला, बरोबर तिथून आपण सुरुवात करायची. हे कुणी आधी असं स्पष्ट सांगत नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, कारण तोवर ठमीने जाळीतून नाक बाहेर काढून माझ्या हाताचा वास घेतला होता.

तिथे तिचं नाव बेला होतं. त्याआधी काय होतं कुणालाच माहीत नाही. वय दहा महिने, हाही दातांवरून केलेला अंदाज. पक्के दात सहा-सात महिन्यांपर्यंत येऊन जातात. त्यानंतर दात किती झिजलेत, किती पिवळे पडलेत यावरून डॉक्टर ठोकताळा बांधतात. नसबंदी झालेली होती, हा मोठा फायदा. पहिला पाळीचा काळ बहुतेक सहा महिने ते वर्षभराच्या मधे कधीतरी येतो आणि तो घरात निभावणं किती नाजूक काम असतं हे एका मैत्रिणीकडे पाहिलेलं. (कागदावर 'फिमेल' असं लिहिलं होतं. मराठीत 'कुत्री' हा सरळ शब्द आपण शिवी म्हणून वापरून वापरून इतका खराब केलाय की ठमीबद्दल बोलताना माझीही जीभ अडखळते. मी 'मुलगी' म्हणते.)

पहिले तीन दिवस ती टेबलाखाली होती. खाणं अर्धवट, शेपूट पोटाशी. शेल्टरवाले तीन-तीन-तीनचा हिशेब सांगतात: तीन दिवस बावरण्याचे, तीन आठवडे घराची रीत कळण्याचे, तीन महिने आपलं वाटायला लागण्याचे. हा काही शास्त्रीय नियम नाही, ठोकताळाच आहे, पण आमच्याकडे त्यातला मधला भाग लबाडासारखा गोड गेला. चौथ्या दिवशी टेबलाखालून बाहेर आली आणि पुढचे अडीच आठवडे इतकी शहाण्यासारखी वागली की आम्हीच ओशाळलो. सोफ्यावर चढली नाही. भुंकली नाही. हाक मारली की हजर. आधीच्या कुत्र्याला जे शिकवायला दोन वर्षं लागली ते हिला आयतंच येतंय असं वाटलं.

येत काही नव्हतं. ती पाहुणी होती. नव्या घरी गेल्यावर आपणही विचारल्याशिवाय फ्रिज उघडत नाही.

चौथ्या आठवड्यात तिने फ्रिज उघडला. अक्षरशः नव्हे, पण त्याच्या दाराचं रबर ओढून काढलं. मग माझा चष्मा. चष्मा हातात घेतला तेव्हा एक काडी आणि अर्धी काच उरली होती, आणि उरलेली अर्धी काच पोटात गेली का हे शोधण्यासाठी आम्ही दोघं जमिनीवर रांगत होतो. (गेली नव्हती. पलंगाखाली सापडली.) दात येऊन गेले की चावणं संपतं अशी माझी समजूत होती. संपत नाही. दात शिवशिवतात म्हणून चावणं संपतं आणि ताकद आली, वेळ जात नाही, जीव कासावीस झालाय म्हणून चावणं सुरू होतं, आणि ते बेचाळीस पक्क्या दातांनी असतं. पिल्लू चप्पल चघळतं, हे वय तिची विल्हेवाट लावतं.

मग हेल्मेट. हेल्मेट घातलेला माणूस दिसला की ही आधी गोठायची, मग अशी भुंकायची की पट्टा धरून मी अर्धी वळायचे. ज्याने पाहिलं त्याने एकच म्हटलं, "बिचारी! कुणीतरी हेल्मेटवाल्याने मारलं असणार." मीही सुरुवातीला तेच म्हणायचे. त्यात आपल्याला एक भूमिका मिळते, सुटका करणाऱ्याची. डॉक्टरांनी ती काढून घेतली. म्हणाले, मारलं असेलही, पण बहुतेक वेळा गोष्ट इतकी नाट्यमय नसते. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं असल्यापासून बारा-चौदा आठवड्यांचं होईपर्यंत जगाची ओळख सहज करून घेतं. त्या दिवसांत ज्याची गाठच पडली नाही, ते पुढे भीतीचं होऊ शकतं. डोकं चेंडूसारखं गोल, चेहरा नाही, आवाज घुमलेला; तिने असा प्राणी कधी जवळून पाहिलाच नसेल. त्यात या वयात भीतीची एक लाट पुन्हा येताना दिसते, कालपर्यंत ज्या वस्तूला घाबरत नव्हता तिलाही कुत्रा अचानक बिचकतो.

मोठा कुत्रा दत्तक घेण्यातला खरा तोटा मला विचाराल तर हा. चष्मा नाही, रबर नाही. तिच्या आयुष्यातले सगळ्यात महत्त्वाचे दहा-अकरा आठवडे माझ्या हातात नव्हते आणि आता कुणाच्याच हातात नाहीत. त्या वेळी पंधरा मिनिटांत झालं असतं त्या कामाला मला चार महिने लागले. लांबवर हेल्मेट दिसलं की, ती भुंकायच्या आत, खाऊ. आणखी थोडं जवळ, खाऊ. एखाद्या दिवशी अंतर चुकायचं आणि आठवड्याची कमाई पाण्यात. नवरा घरात हेल्मेट घालून बसायला लागला. टीव्ही बघतानासुद्धा. दाराशी आलेल्या माणसांनी काय समजूत करून घेतली असेल ती असो.

पण मी सांगत होते ते न ऐकण्याबद्दल. मैदानातला तो प्रसंग मनाला लागला होता. परक्याचं ऐकते, माझं ऐकत नाही! भरवते कोण, हेल्मेट चढवलेल्या माणसाशेजारी बसते कोण? शेवटी वाचायला बसले, आणि 2020 सालचं एक संशोधन सापडलं. न्यूकॅसल विद्यापीठातल्या ल्यूसी अ‍ॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं, 'बायॉलॉजी लेटर्स' या नियतकालिकात आलेलं. अंधांना वाट दाखवण्याच्या कामासाठी वाढवली जाणारी लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या संकराची पिल्लं. ती पाच महिन्यांची असताना आणि पुन्हा आठ महिन्यांची झाल्यावर त्यांना "बस" म्हणून सांगितलं: एकदा सांभाळणाऱ्या माणसाने, एकदा परक्याने. आठव्या महिन्यात स्वतःच्या माणसाचं ऐकणं कमी झालं होतं. परक्याचं ऐकणं तसं कमी झालं नव्हतं. सांभाळणाऱ्यांना विचारलेल्या प्रश्नावलीतही तेच: आठव्या महिन्याच्या सुमारास कुत्रा शिकवायला अवघड, पाचव्यात आणि बाराव्यात त्यापेक्षा सोपा.

वाचून मी इतकी सुखावले की नवऱ्याला झोपेतून उठवलं. म्हणजे ती माझं ऐकत नाही कारण मी तिची आहे! दोन दिवस मी ही गोष्ट ज्याला-त्याला सांगत फिरले. मग पुन्हा नीट वाचलं, आणि तिथे एक वाक्य होतं जे मी पहिल्यांदा सोयीस्कर गाळलं होतं. ज्या कुत्र्यांना आपल्या माणसापासून दूर झाल्यावर जास्त तगमग व्हायची, ज्यांची नाळ जुळली होती पण भरवसा कच्चा होता, त्यांच्यात हे न ऐकणं अधिक होतं. म्हणजे न ऐकणं हे प्रेमाचं प्रशस्तिपत्रक नव्हे. जास्तीत जास्त इतकंच म्हणता येईल की ती आता पाहुणी राहिलेली नाही, आणि घरची झालीय का हे तिचं तिलाच अजून ठरवता येत नाहीये.

हे कळल्यावर मी ओरडणं कमी केलं. मोठेपणा म्हणून नव्हे. आधीच कच्चा असलेला भरवसा आपण प्रत्येक ओरडण्यागणिक आणखी कुरतडतोय, हे दिसलं म्हणून. दहा मीटरची लांब दोरी आणली. हाक एकदाच मारायची, आली तर सोहळा करायचा, नाही आली तर दोरी हळूच गुंडाळत जवळ जायचं, रागावायचं नाही. आणि आली की लगेच पट्टा अडकवून घरी न्यायचं नाही, पुन्हा सोडायचं. "ये" म्हणजे "मजा संपली" असं मीच तिला महिनाभर शिकवलं होतं, हे त्यातून उमगलं. धावपळ करवून दमवण्याचा नाद मात्र सोडला. एकतर वर्ष-दीड वर्षापर्यंत मोठ्या चणीच्या कुत्र्यांची हाडं टोकांशी वाढतच असतात, त्यांना मैलोन्‌मैल पळवणं बरं नव्हे. दुसरं म्हणजे जितकं पळवावं तितकी ही तयारीची होत गेली आणि मी झिजत गेले. वास घेत रेंगाळत केलेली अर्ध्या तासाची फेरी आणि त्यानंतर जबरदस्तीची झोप, याचा उपयोग जास्त झाला. या वयातल्या कुत्र्यालाही दिवसात बारा-चौदा तास झोप लागते, आणि ती मिळाली नाही की तो रडक्या मुलासारखा घर डोक्यावर घेतो. चष्मा गेला तो दिवस आठवला. त्या दिवशी पाहुणे होते, ठमी दुपारभर झोपलेली नव्हती.

या साऱ्यात शीळ मधेच आली.

संध्याकाळची फेरी होती. ठमी नेहमीसारखी पुढे, नाक जमिनीला. रस्त्यापलीकडून चाललेल्या कुणीतरी शीळ घातली, दोनच सूर, पहिला खालचा, दुसरा चढता, मित्राला हाक मारतात तशी. ठमी थांबली. मग मी तिला कधीच पाहिलं नव्हतं तशी उसळली, पट्टा हातातून निसटता निसटता राहिला. भीती नव्हती ती. कान मागे, सगळं अंग शेपटीसकट हलतंय, घशातून बारीक आवाज. रस्ता ओलांडून आम्ही जवळजवळ त्या माणसाच्या अंगावर गेलो. विशीतला मुलगा होता. तिने त्याच्या बुटांचा वास घेतला. हाताचा घेतला. वर चेहऱ्याकडे पाहिलं. शेपूट हळूहळू थांबली. मग ती बाजूला होऊन फुटपाथवर बसली आणि बराच वेळ उठेना.

"ओळखते का मला?" मुलाने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "चुकलं तिचं."

घरी येईपर्यंत माझं डोकं चालू होतं. म्हणजे कुणीतरी तिला अशी शीळ घालून बोलवत होतं. आणि ती जात होती, सगळं अंग हलवत. "बिचारी, मारलं असणार" म्हणणाऱ्यांना आता काय सांगायचं? कुणाची तरी नोकरी गेली असेल, कुणी आजारी पडलं असेल, घर बदललं असेल. किंवा काहीच नाट्यमय नसेल, ती आठ महिन्यांची झाली असेल आणि त्याचाही चष्मा गेला असेल. मला त्या माणसाचा आधी राग होता. राग सोपा असतो. आता तिथे काय ठेवावं कळेना.

नवऱ्याला उत्तम शीळ घालता येते. त्याला मी ते दोन सूर गुणगुणून दाखवले आणि लगेच म्हटलं, "घालू नकोस हं." तो म्हणाला, "का? एका शिळेत येईल. तुझ्या चार महिन्यांच्या दोरीपेक्षा बरं." व्यवहारात त्याचं चुकत नव्हतं. ट्रेनरही म्हणतात, कुत्र्याला आधी येत असलेली खूण हाताशी असेल तर वापरा. पट्टा सुटून एखाद्या दिवशी गाडीखाली जायची वेळ आली, तर मी अशी तत्त्वं कुरवाळत बसणार नाही.

एकदा घातली. मैदानात, कुंपणाचं दार बंद करून. मला शीळ येत नाही, म्हणून त्यानेच घातली आणि मी शेजारी उभी राहिले. ठमी दूर होती, पार टोकाच्या झाडाशी. दोन सूर गेले आणि ती आली, सरळ रेषेत, जमिनीला जेमतेम पाय लावत. आमच्यापाशी पोचली. आणि थांबली नाही. आम्हा दोघांना वळसा घालून मागे गेली, कुंपणापर्यंत, तिथे उभी राहून बाहेर बघत राहिली. मग दाराशी गेली. परत कुंपणाशी.

"पुन्हा नको," नवरा म्हणाला. मी काही बोलले नव्हते.

आता ती साधारण दीड वर्षाची आहे, दातांचा हिशेब खरा धरला तर. हेल्मेटवाल्यांकडे अजून वळून बघते, पण भुंकत नाही; एकाला तर तिने परवा हुंगूनही पाहिलं. बहिणीने विचारलं, पुन्हा घ्यायचा झाला तर पिल्लू घेशील की असाच? मी म्हटलं, घरात लहान मूल असेल, दिवसभर घराला कुलूप असेल, किंवा बिघडलेल्या वस्तूंनी मन खट्टू होत असेल, तर असा घेऊ नये. पिल्लूही घेऊ नये म्हणा. सहा वर्षांचा, शांत, थोडा पांढरा झालेला घ्यावा. माझ्यापुरतं विचारशील तर मला अजून सांगता येत नाही. ती म्हणाली, हे काय उत्तर झालं?

शीळ आम्ही आणीबाणीपुरती राखून ठेवली आहे आणि ती वेळ आलेली नाही. दोरी अजून आहे, पण बऱ्याचदा नुसती मागे फरफटत असते. काल मैदानात ते गृहस्थही होते, फेऱ्या मारत. मी हाक मारली. कान वळले. दुसरी मारली, मान वळली. तिसऱ्या हाकेला तिने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा गवतात नाक घातलं. हाक एकदाच मारायची हा नियम मी कधीच मोडलेला होता. मी पाठ फिरवली, दाराकडे चालायला लागले आणि चालता चालता, अगदी साध्या आवाजात, घरात म्हणते तसं म्हटलं, "चल गं."

दोरी घासत आल्याचा आवाज आला. मग गुडघ्याच्या मागे ओलं नाक.